तारोला जिरो म्हणता येईल का?

२६ मे २०२५ पर्यंत जपानी माणसाच्या नावाचा उच्चार कायद्याच्या लेखी कुठेच नव्हता. 'कोसेकी', म्हणजे कुटुंबनोंदणी, हा तिथला मूळ दस्तऐवज. जन्म, लग्न, दत्तकविधान, मृत्यू या सगळ्याची नोंद त्यात होते. त्यात नाव असायचं ते बहुतेकदा कान्जी, म्हणजे चिनी मूळच्या अक्षरांत, आणि ती अक्षरं कशी वाचायची हे तिथे लिहिलेलं नसे. जन्माच्या अर्जावर उच्चाराचा रकाना होता, पण तो रहिवासी नोंदीच्या सोयीपुरता. आता सुधारित कायद्याने उच्चार, म्हणजे 'फुरिगाना', काताकाना या उच्चारदर्शक लिपीत कोसेकीत नोंदवायचा आहे. त्याचबरोबर एक अटही आली आहे: नोंदवायचा उच्चार त्या अक्षरांचा 'सर्वसाधारणपणे मान्य' असा उच्चार असला पाहिजे.

यातली पहिली गोष्ट फार पूर्वीच व्हायला हवी होती. दुसरी चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे, आणि तिच्या समर्थनासाठी परंपरेचा जो दाखला दिला जातो तो इतिहासाच्या कसोटीला टिकत नाही.

आधी पहिल्या गोष्टीबद्दल. देवनागरीत नाव लिहिलं की उच्चार आपोआप येतो, म्हणून अडचण कुठे आहे हे मराठी वाचकाला चटकन कळणार नाही. कान्जी अक्षराला अर्थ पक्का असतो, आवाज मात्र अनेक. 'एक' या अर्थाची एक आडवी रेघ हे मुलाचं नाव असेल तर ते हाजिमे असू शकतं किंवा माकोतो. 'मोठा' या अर्थाचं अक्षर दाइ, हिरोशी किंवा मासारू असं वाचता येतं. पुण्यात जपानी शिकून भाषांतराच्या कामाला लागलेल्या कुणालाही विचारा. मजकूर समजतो, पण समोरच्या व्हिजिटिंग कार्डवरचं नाव विचारल्याखेरीज मोठ्याने वाचायचं धाडस होत नाही. जपानी माणसांचीही तीच गत असते.

या संदिग्धतेची किंमत जपानने पेन्शनच्या गोंधळात मोजली. २००७ साली उघड झालं की सुमारे ५ कोटी पेन्शननोंदी कुणाच्या आहेत हेच लागत नाही. कारणं अनेक होती. त्यातलं एक असं की कागदावरची कान्जी नावं संगणकात काताकानात भरताना कर्मचाऱ्यांनी अंदाजाने वाचली. साचिकोची युकिको झाली आणि तिच्या वर्षानुवर्षांच्या हप्त्यांची नोंद वेगळ्याच बाईच्या नावावर तरंगत राहिली. बँकखाती काताकानात, कोसेकी कान्जीत आणि दोन्ही जोडणारा अधिकृत दुवा नाही, अशी ही व्यवस्था होती. उच्चार नोंदवल्याने हा दुवा तयार झाला, आणि याला विरोध करण्यासारखं काही नाही.

नोंदणीची पद्धतही बरी आखली आहे. ज्या गावी कोसेकी आहे तिथली नगरपालिका प्रत्येकाला नियोजित उच्चाराची लेखी सूचना पाठवते. तो बरोबर असेल तर काहीच करायचं नाही. चूक असेल तर २५ मे २०२६ पर्यंत टपालाने, खिडकीवर जाऊन किंवा ऑनलाइन दुरुस्ती कळवायची. शुल्क नाही, दंड नाही. मुदत उलटून गेली आणि पालिकेने आपल्या माहितीप्रमाणे नोंद केली, तरी एकदा कोर्टाच्या परवानगीशिवाय ती बदलता येते. चुका होतात त्या बहुधा बारीक जागी. आडनावात नाकाजिमा की नाकाशिमा, आणि 'शोता'सारख्या नावात लहान आकाराचं जोड-अक्षर मोठं छापलं जाऊन 'शियोता' झालं का, हे नीट पाहावं लागतं. जुन्या संगणकप्रणालींत लहान अक्षरांची सोय नव्हती, त्याचा हा अवशेष.

आता दुसरी गोष्ट. कोणते उच्चार चालणार नाहीत हे समजावण्यासाठी सरकारी कागदपत्रांत जी उदाहरणं दिली, त्यांत केंद्रस्थानी आहे एक अस्सल पारंपरिक मुलाचं नाव, तारो. तारो लिहून 'जिरो' किंवा 'साबुरो' वाचायचं नाही, कारण वाचणाऱ्याला ती चूकच वाटेल. तारो लिहून 'मायकेल' वाचायचं नाही, कारण अक्षरांशी त्याचा काही संबंध लागत नाही. आणि 'उंच' अर्थाचं अक्षर लिहून 'हिकुशी', म्हणजे बुटका, असं वाचायचं नाही, कारण अर्थ उलटा होतो. तारोची निवड स्वाभाविक आहे. अर्जांच्या नमुन्यावर 'यामादा तारो' हेच नाव छापलेलं असतं. सर्वांना वाचता येणारं, शंका न येणारं, जपानी म्हणजे जपानी असं नाव.

पण या नावाच्या आत डोकावलं तर चित्र पालटतं. तारोची दोन अक्षरं. पहिलं चार रेषांचं: 'मोठा' या अक्षराखाली एक ठिपका, अर्थ थोर, भरदार, सर्वांत आधीचा. दुसरं नऊ रेषांचं: तरुण, पुत्र. दोन्ही मिळून थोरला मुलगा. त्याच्यामागून जिरो म्हणजे दुसरा, साबुरो तिसरा, मग शिरो, गोरो, रोकुरो, शिचिरो, हाचिरो, नववा कुरो, दहावा जुरो. भावंडांना असे क्रमांक देण्याची रीत चीनमधून आली. थांग घराण्याच्या काळात तिथे चुलतभावांचीही एकत्र मोजणी होत असे, त्यामुळे क्रमांक विसाच्या पुढेही जात. जपानमध्ये बापाचे मुलगे मोजले गेले. दहाच्या पुढचा तो योइची, दहा होऊन वर उरलेला एक. ११८५ च्या याशिमाच्या लढाईत शत्रूच्या नौकेवर उभारलेला पंखा बाणाने पाडणारा नासू नो योइची हा अकरावा मुलगा.

म्हणजे तारो हे मुळात आपण समजतो त्या अर्थाने नाव नव्हतंच. घरातली जागा सांगणारी ती हाक होती. सामुराई पुरुषाला खरं नाव वेगळं असे, त्याला 'इमिना' म्हणत. ते तोंडाने उच्चारणं अनादराचं मानलं जाई, म्हणून रोजच्या वापराला हाकेचं नाव. मिनामोतो नो योशित्सुने या सेनानीला लोक ओळखत ते 'कुरो' म्हणून, कारण तो नववा मुलगा. योशित्सुने हे त्याचं इमिना. एकाच कुळात पिढ्यान्‌पिढ्या थोरले मुलगे तारोच होणार, मग ओळख कशी पटायची? त्यासाठी पुढे काहीतरी जोडलं जाई. मिनामोतो नो योशिइए याचा प्रौढत्वाचा विधी हाचिमान देवस्थानात झाला म्हणून तो हाचिमान तारो. त्याच्या एका भावाचा विधी कामोच्या देवळात, तो कामो जिरो. तिसऱ्याचा शिन्रा देवतेसमोर, तो शिन्रा साबुरो. तारोचा थोरला मुलगा कोतारो, म्हणजे धाकटा तारो, किंवा मातातारो, म्हणजे पुन्हा तारो. आशिकागा शोगुनशाही, म्हणजे लष्करी राजवट, स्थापणारा ताकाउजी हा असाच एक मातातारो. नद्यांनाही हे क्रमांक मिळाले. कान्तोची तोने नदी म्हणजे बान्दो तारो, क्यूशूची चिकुगो म्हणजे त्सुकुशी जिरो, शिकोकूची योशिनो म्हणजे शिकोकू साबुरो. तीन मोठ्या, पुराने छळणाऱ्या नद्यांना भावंडं मानलं यात लोकांची त्या पाण्याविषयीची धास्ती आणि आपुलकी दोन्ही दिसतात.

आयुष्यभर एकच नाव ही कल्पनाही त्या समाजात नव्हती. बाळपणीचं नाव वेगळं, प्रौढत्वाच्या विधीनंतरचं वेगळं, आणि धन्याने मेहेरबानी म्हणून स्वतःच्या नावातलं एक अक्षर दिलं तर आणखी वेगळं. पुढे शोगुन झालेला तोकुगावा इएयासू लहानपणी ताकेचियो होता. धनी इमागावा योशिमोतोकडून 'मोतो' मिळाल्यावर तो मोतोनोबू झाला, मग मोतोयासू. इमागावांचा पाडाव झाल्यावर ते उसनं अक्षर टाकून तो इएयासू झाला. राजकारण बदललं की नाव बदलायचं.

आणि अक्षरांचे उच्चार? ते तर आजच्या नियमाच्या समर्थकांनी जरूर तपासावेत. कामाकुराचा पहिला शोगुन योरितोमो याच्या नावातलं दुसरं अक्षर 'सकाळ' या अर्थाचं. नेहमीच्या भाषेत ते आसा किंवा चो असं वाचतात. 'तोमो' हा उच्चार फक्त नावांत भेटतो. 'सलोखा' अर्थाचं अक्षर नावात 'काझू' होतं, तेही तसंच. अशा खास नावांपुरत्या उच्चारांना 'नानोरी' म्हणतात, आणि आज ते कोशात आहेत म्हणून प्रतिष्ठित आहेत. मोठ्या माणसाचं नाव आदराने चिनी उच्चारात वाचायची पद्धतही होती. शेवटचा शोगुन योशिनोबू, पण लोक त्याला केइकी म्हणत. कान्जी तीच, माणूस तोच, उच्चार दोन, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नव्हती.

एक माणूस, एक नाव, कायम, ही घडी बसवली शोगुनशाही गेल्यावर आलेल्या मेइजी सरकारने. १८७० साली सामान्य लोकांना आडनावाची मुभा मिळाली, १८७२ साली देशव्यापी कोसेकी तयार झाली आणि त्याच वर्षी एकाहून अधिक नावं बाळगण्यावर आणि मनाप्रमाणे नाव बदलण्यावर बंदी आली. १८७५ साली आडनाव सक्तीचं झालं. ज्यांच्याकडे हाकेचं नाव आणि इमिना दोन्ही होती, त्यांना एक निवडावं लागलं. आजच्या पुरुषनावांत जे दोन प्रवाह दिसतात त्यांचं मूळ इथे आहे. तारो, इचिरो, दाइसुके या घडणीची नावं हाकेच्या नावांच्या वंशातली. मासाहिरो, योशिहिको या घडणीची इमिनाच्या. त्या घाईत घोटाळेही झाले. त्या सत्तांतरातला सेनानी साइगो ताकामोरी याचं खरं नाव ताकानागा होतं, मित्राने सरकारदरबारी चुकून त्याच्या वडिलांचं नाव सांगितलं आणि तेच कायम झालं, असं सांगितलं जातं. आज इतिहास त्याला वडिलांच्या नावाने ओळखतो.

म्हणून 'पारंपरिक जपानी नाव म्हणजे सहज वाचता येणारं, पक्क्या उच्चाराचं नाव' हे विधान जेव्हा नव्या नावांविरुद्ध वापरलं जातं, तेव्हा परंपरा म्हणून जे पुढे केलं जातं ते दीडशे वर्षांचं नोंदणीखातं असतं. नोंदणीची गरज खरी आहे. ती गरज म्हणून मांडावी, संस्कृतीचं रक्षण म्हणून नको.

गेल्या तीन-साडेतीन दशकांत ज्या नावांना 'किराकिरा', म्हणजे चकचकीत, म्हणून हिणवलं गेलं ती कशी घडतात हे पाहणं गरजेचं आहे. पूर्वी घरातल्या जागेवरून किंवा पूर्वजांच्या अक्षरावरून नाव येई. आता पुष्कळ आई-वडील आधी कानाला गोड वाटणारा आवाज निवडतात, मग त्याला साजेशा अर्थाची अक्षरं शोधतात, मग आडनावासकट रेषांची बेरीज शुभ येते का ते पाहतात. सातव्या रात्री नाव ब्रशने लिहून घरात लावायचं आणि जन्मापासून चौदा दिवसांत अर्ज भरायचा, एवढा वेळ. आवाज आधी ठरल्यामुळे अक्षराचा उच्चार कापून बसवावा लागतो. आज अतिशय लोकप्रिय असलेलं मुलाचं नाव हारुतो घ्या. ते बरेचदा 'सूर्यप्रकाश' आणि 'भरारी' या दोन अक्षरांनी लिहितात. भरारीच्या अक्षराचा उच्चार 'तोबू', उडणे; त्याचा 'बू' छाटून 'तो' उरवला. मुलींत 'कोकोआ' हे नाव 'हृदय' आणि 'प्रेम' या अक्षरांनी लिहितात, तेही असंच छाटून. सरकारने असे छाटलेले उच्चार मान्य केले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कायदा अगदी निष्ठुर नाही. कोशात सापडणारा उच्चार मान्य, न सापडला तर खुलासा मागायचा, शंका असेल तर वरच्या विधी कार्यालयाला विचारायचं, आणि आधीपासून वापरात असलेला उच्चार पासपोर्टसारखा पुरावा दाखवून टिकवता येतो, अशी रचना आहे.

तरी माझा आक्षेप उरतोच. कोशात आहे म्हणून मान्य, हा निकष गोल फिरतो. सकाळच्या अक्षराचा 'तोमो' कोशात आला तो लोकांनी तसं नाव ठेवल्यामुळे. त्या वेळी कुणी खिडकीवर बसून कोश मागितला असता तर योरितोमोची नोंद झाली नसती. नानोरीचा सगळा खजिना कुणालाही खुलासा न देता ठेवलेल्या नावांतून जमला, आणि आता नवी भर घालणाऱ्याने मात्र खुलासा द्यायचा आहे.

त्याहून मोठा दोष असा की हा निकष मुलाला वाचवत नाही. १९९३ साली तोक्योजवळच्या आकिशिमा शहरात एका दांपत्याने मुलाचं नाव 'आकुमा', म्हणजे सैतान, असं नोंदवायचा अर्ज केला. पालिकेने आधी स्वीकारला, मग नाकारला. प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेलं. जानेवारी १९९४ मध्ये न्यायालयाने म्हटलं की असं नाव ठेवणं हा नाव ठेवण्याच्या हक्काचा गैरवापर आहे. मात्र आधी स्वीकारलेली नोंद पालिकेने परस्पर खोडली तेही बेकायदा. शेवटी आई-वडिलांनी दुसरं नाव दिलं. आता नव्या नियमाने हे नाव तपासा. दोन्ही अक्षरं परवानगीच्या यादीतली, उच्चार कोशातला पहिलाच. उच्चाराच्या कसोटीत सैतान पैकीच्या पैकी गुण मिळवतो. त्याला अडवायला हक्काच्या गैरवापराचं तत्त्वच लागतं, आणि ते आधीपासून होतं.

अर्थावरून नाव नाकारण्यातही धोका आहे. सोळाव्या शतकातला सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याला उतारवयात मुलगा झाला तेव्हा त्याचं बाळपणीचं नाव 'सुते' ठेवलं, म्हणजे टाकून दिलेला. तो वाचला नाही. पुढचा मुलगा १५९३ साली झाला, तो 'हिरोइ', म्हणजे उचलून आणलेला. तोच पुढे हिदेयोरी. मुलं जगत नसलेल्या घरात आपल्याकडे दगडू, धोंडू ही नावं ज्या मायेने ठेवली, तीच ही माया. अर्थ वाईट दिसतो म्हणून नाव वाईट ठरवणाऱ्याला त्यामागची भीती दिसत नाही. पण त्याच न्यायाने हेही मान्य केलं पाहिजे की नावातून नकोसेपणा मुलावर लादला जातो तेव्हा समाजाने हस्तक्षेप करावा. साताऱ्यात २०११ साली 'नकुशा' नावाच्या मुलींची नावं जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने बदलली गेली, ते योग्यच झालं. तिथे पाहिलं गेलं ते मुलीला त्या नावाचं काय वाटतं हे.

मर्यादा घालायचीच तर ती कशी घालावी याचा चांगला नमुना जपानकडेच आहे. १९४८ पासून अमलात असलेल्या कायद्याने नावात फक्त नेहमीची, सोपी अक्षरं वापरायला परवानगी दिली. त्या वेळच्या यादीत १,८५० कान्जी होती. लोकांची कुचंबणा झाली, म्हणून १९५१ मध्ये खास नावांसाठी ९२ अक्षरं वाढवली. आज सर्वसाधारण वापराची २,१३६ आणि नावांसाठीची ८६३ मिळून २,९९९ अक्षरं उपलब्ध आहेत. २००४ साली मोठी भर घालताना आधी ५७८ अक्षरांचा मसुदा जाहीर केला. त्यात विष्ठा, प्रेत, शाप, कर्करोग या अर्थांची अक्षरंही होती, कारण निवड छपाईतल्या वापरावरून झाली होती. लोकांनी हरकती घेतल्या, ती अक्षरं गळाली आणि ४८८ उरली. ही यादी छापील आहे, सर्वांसमोर आहे, आई-वडील घरी बसून तपासू शकतात. 'सर्वसाधारणपणे मान्य' या शब्दांना अशी यादी नाही. तिथे देशभरच्या सतराशेहून अधिक पालिकांच्या खिडक्यांवर बसलेल्या कर्मचाऱ्यांचा अंदाज चालतो. एकाच नावाला एका शहरात होकार आणि शेजारच्या शहरात खुलाशाचा कागद, असं घडायला ही रचना वाट मोकळी करते.

शिक्षकांना, रुग्णालयांना नाव वाचता येत नाही, हा नव्या नियमाच्या बाजूचा सगळ्यांत वजनदार मुद्दा. तातडीच्या विभागात बेशुद्ध मुलाचं नाव चुकीचं वाचलं तर अनर्थ होऊ शकतो. पण याचं उत्तर फुरिगाना हेच आहे. कान्जीच्या शेजारी काताकानात 'हारुतो' छापलेलं असताना ती अक्षरं कोशाला धरून आहेत की नाहीत याने परिचारिकेला काय फरक पडतो?

मराठी कुटुंबांचाही इथे प्रत्यक्ष संबंध येतो. तोक्योच्या एदोगावा भागात आणि इतरत्र स्थिरावलेल्यांपैकी ज्यांचा जोडीदार जपानी आहे, त्यांच्या मुलाचं नाव कोसेकीत जातं. 'मीरा'साठी 'सुंदर' या अर्थाचं मि आणि 'चांगलं' या अर्थाचं रा ही अक्षरं घेतली तर दोन्ही उच्चार रूढ आहेत, अडचण येऊ नये. पण 'आनंद' हे नाव हर्षाच्या एकाच अक्षराने लिहून तसं वाचायचं म्हटलं, तर खुलाशाची तयारी ठेवावी लागेल, कारण अर्थ जुळतो पण उच्चार जपानी कोशात नाही. कान्जीचा आग्रह सोडून थेट काताकानात लिहिलं तर प्रश्नच येत नाही. दोन भाषांच्या घरातल्या मुलाला दोन्हीकडचा अर्थ एका अक्षरात मिळावा ही इच्छा साधी आहे आणि तिने कुणाचं काही बिघडत नाही. तिला आडकाठी करून जपानी भाषेचं काय राखलं जातं, हे मला समजत नाही.

तारो लिहून जिरो वाचण्याला बंदी असावी, हे मला पटतं. तिथे नोंद वाचणारा हमखास फसणार, आणि नोंदीचा हेतूच फसणार. अश्लील किंवा अपमानकारक उच्चार नाकारण्याची सोयही राहावी. याच्या पलीकडे, अक्षरांशी उच्चाराचा संबंध लागतो की नाही हे तपासणं पालिकांनी थांबवावं आणि आई-वडिलांचं लेखी निवेदन पुरेसं मानावं. जी ताकद त्या तपासणीत जाते ती नाव बदलण्याच्या वाटेकडे वळवावी. आज पंधरा वर्षं पूर्ण झालेल्याला स्वतः कौटुंबिक न्यायालयात अर्ज करता येतो, पण 'योग्य कारण' न्यायाधीशाला पटवून द्यावं लागतं. ज्याच्या नावाचा प्रश्न आहे त्याने पंधराव्या वर्षी एकदा, कारण न सांगता, उच्चार बदलून मागितला तर पालिकेच्या खिडकीवरच तो बदलून मिळावा. पालिकेने आपल्या माहितीवरून केलेली नोंद एकदा बिनपरवानगी बदलायची मुभा आता दिलीच आहे. तीच पंधरा वर्षांच्या मुलामुलींना द्यायला नवी यंत्रणाही लागणार नाही.